आजींचं जास्तीचं ताट

माणसाला जेवल्याशिवाय जगातून उठू द्यायचं नाही, असा विडाच उचलला होता आमच्या शेजारच्या आजींनी. अख्ख्या गिरगावात त्यांच्याइतकी गोरी बाई नव्हती आणि त्यांच्यासारखं रांगडं कोल्हापुरीही कुणी बोलत नव्हतं. जन्म पोलंडचा. लहानपणीच दुसऱ्या महायुद्धात घर गेलं, रशियनांनी सैबेरियाला धाडलं, तिथल्या थंडीत आई गेली, आणि अनाथ पोरांबरोबर त्या कोल्हापूरजवळच्या छावणीत आल्या. इतर पोरं युद्धानंतर परदेशी गेली, ह्या राहिल्या. पुढे गिरगावातल्या एका छापखानेवाल्याशी लग्न केलं आणि आमच्या चाळीच्या कवयित्री, नाटककार आणि डोकेदुखी झाल्या. भाजीवाला 'मॅडम' म्हणाला की कडाडायच्या, "मॅडम कुनाला म्हंतोस रं? वांगी बघून दे!"

प्रेमकविता लिहा म्हटलं, तर तीत नवरा कांदा चिरत बसलेला! गणपतीतल्या त्यांच्या नाटकात रंगमंचावर खरा स्वयंपाक व्हायचा आणि मरायला मात्र कुणाला परवानगी नव्हती. एकदा मी खलनायक होतो. "आजी, मला शेवटी मारा ना!" म्हणून गळ घातली. म्हणाल्या, "मेलेली मानसं मी लई बघितली. ह्याला वाढा." झालं! पुरणपोळी खाऊन मी सुधारलो.

प्रत्येक नाटकात एक ताट जास्तीचं असे. घरीही रोज. सैबेरियाच्या वाटेवर एका स्टेशनात थोरला भाऊ पाव आणायला उतरला आणि गाडी सुटली, ते ताट त्याचं. चाळीच्या सेक्रेटरींनी एकदा त्यातला पापड उचलला, तर आजी पुढच्या गणपतीपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

यंदा आजींना अंथरुणातून उठवेना. खाली नाटक झालं, त्यांनी वरून फक्त टाळ्या ऐकल्या. पडदा पडल्यावर मी ते भरलेलं ताट उचलून वर नेलं. मला राहवलंच नाही.

"आला न्हाई न्हवं?" त्यांनी विचारलं.

"नाही, आजी."

त्यांनी ताटाकडे बघितलं. भान अगदी लख्ख होतं.

"आता न्हाई यायचा त्यो. मग तू बस. गार हुतंय."

मी जमिनीवर मांडी घातली. आजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"लई उशीर केलास रं," म्हणाल्या.

"हो," म्हटलं, आणि ताट पुसून स्वच्छ होईपर्यंत जेवलो.