सहा लिटरचं लहान, पाच लिटरचं मोठं

"मीनल मॅडम, रिपोर्टमधलं हे उंची-रुंदीचं टेबल काढून टाका. क्लायंट बोअर होतो."

दळवी सर हे तिसऱ्यांदा सांगत होते. मीही तिसऱ्यांदा सांगितलं, "सर, त्याला फक्त तेच टेबल लागणार आहे."

मी चाकणच्या एका कंपनीत बेंचमार्किंग करते. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेली इंजिनं पूर्ण खोलायची, एकेक भाग मोजायचा, वजन करायचं आणि बनवणाऱ्याने काय विचार केला असेल ते लिहायचं. बावीस वर्षं हेच करतेय. दळवी सर आमचे बिझनेस हेड. बसतात हिंजवडीला. वयाने माझ्याहून लहान. इंजिन त्यांनी बहुतेक स्लाइडवरच पाहिलेलं.

क्लायंट होता निखिल येळवंडे. घरची ट्रेलर बनवायची शेड, गाव चाकणच्या शेजारचंच. त्याला स्वतःची स्पोर्ट्स कार बनवायची होती, ट्रॅकवर पळवायला, मोजक्या नगांची. दोन वर्षं खपून चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, तयार केलेली. बॉनेटचा मोल्ड आता कापायला जाणार होता. एकदा तो कापला की बॉनेटची उंची ठरली, इंजिन त्याखाली मावायलाच हवं.

इंजिन मात्र ठरत नव्हतं. अमेरिकेत दोन स्पोर्ट्स कार पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींशी भांडत आल्यात. निखिलने दोन्हींची इंजिनं मिळवून आमच्याकडे आणून टाकली. करारामुळे नावं लिहीत नाही. शॉपफ्लोअरवर आम्ही एकीला लाल म्हणायचो, दुसरीला पिवळी.

दोन्ही व्ही-एट. म्हणजे चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा, इंग्रजी 'व्ही'सारख्या तिरक्या. सिलिंडरला श्वास घ्यायला झडपा असतात आणि त्या उघडतो कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे असलेला फिरता दांडा. लालमध्ये असे चार दांडे इंजिनाच्या डोक्यावर, झडपांच्या अगदी जवळ. झडपा बत्तीस. त्यामुळे ते जास्त वेगाने फिरतं, पाच लिटरमधूनही भरपूर ताकद काढतं. पिवळीत एकच दांडा, दोन रांगांच्या मध्ये, खाली. तिथून बारीक सळया वर जाऊन सोळा झडपा उघडतात. या सळया म्हणजे पुशरॉड. तळमजल्यावर उभं राहून काठीने पहिल्या मजल्यावरची खिडकी ढकलावी, तसं. ही कमी झडपांची उणीव पिवळी मोठ्या सिलिंडरने भरून काढते. सहा लिटरच्या वर.

दळवी सरांची स्लाइड आधीच तयार होती. लालवर हिरवी खूण, पिवळीवर 'आउटडेटेड'.

"बत्तीस विरुद्ध सोळा. यात कम्पेअर काय करायचं, मॅडम?"

"सर, दोघी पळायला बरोबरीच्या आहेत."

"पण पिवळी सहा लिटर. मोठं इंजिन. निखिलची गाडी तर छोटी आहे."

"लिटर म्हणजे सिलिंडरच्या आतली जागा, सर. बाहेरचं माप नाही. बाहेरून लालच मोठं आहे. रुंदही आणि उंचही."

"पाच लिटरचा कुकर सहा लिटरच्या कुकरपेक्षा मोठा असतो का?"

"कुकरच्या झाकणावर चार कॅमशाफ्ट नसतात, सर."

त्यांना ते आवडलं नाही. रिपोर्ट गेला तो टेबलाशिवाय. खाली 'प्रिपेअर्ड बाय' म्हणून माझं नाव. मला कळलं ते शुक्रवारी, निखिलच्या फोनवरून.

"मॅडम, लाल फायनल केलं. सोमवारी मोल्ड कापतोय."

"माप जुळवून पाहिलंत?"

"रिपोर्टमध्ये माप कुठंय?"

मी डोळे मिटून घेतले. "मोल्ड थांबवा. उद्या येते."

दळवी सरांना कळवलं. "तुम्ही मला बायपास करताय," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाव माझं आहे, सर. तुम्हीही या."

दोन्ही इंजिनांचे मापात कापलेले थर्मोकोलचे ठोकळे आमच्याकडे होते. ते टेम्पोत घालून शनिवारी शेडवर नेले. चासीजवळ निखिलचे काका उभे होते. त्यांना सगळे नाना म्हणतात. जन्मभर ट्रॅक्टरची इंजिनं उतरवलेला माणूस. आम्ही लालचा ठोकळा वरून सोडला. तो चासीच्या दोन पट्ट्यांवर अडकला.

नानांनी तिरका करून पाहिला, फिरवून पाहिला. "न्हाई बसत, ताई. डोकी लई रुंद हायती."

पिवळीचा ठोकळा सरळ खाली गेला. बाजूंनी हात घालून काम करायलाही जागा उरली.

तेवढ्यात दळवी सर पोचले. पाहिलं, आणि म्हणाले, "चासी थोडी रुंद केली तर?"

"थोडी म्हंजी किती, सायेब?" नाना म्हणाले. "म्होरचं समदं सस्पेन्शन बदलावं लागंल. त्यापरीस नवी गाडी करा की."

निखिल लालच्या ठोकळ्यावर हात ठेवून उभा होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, लालचा तो वरच्या पट्टीतला आवाज... पिवळीला येईल?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. "नाही येणार," मी म्हटलं. "ती तेवढी वर फिरत नाही. तिचा आवाज खालचा, भरदार. ताकद लवकर मिळेल. पुढचं वजन थोडं कमी, तेही खाली बसलेलं. वळणावर गाडी तुमचं ऐकेल."

तो शेडबाहेर जाऊन उभा राहिला. नाना मागे गेले नाहीत, मीही गेले नाही. दळवी सर फोनमध्ये बघत होते. दहा-एक मिनिटांनी निखिल आत आला. "पिवळी बसवू."

सोमवारी टेबलासकट सुधारलेला रिपोर्ट गेला. मोल्ड कापला गेला आणि गाडी ट्रॅकवर धावली. वळणं ती सुरेख घेते. निखिल मात्र अजून भेटला की म्हणतो, "सरळ रस्त्यावर लालच्या आवाजाची आठवण येते, मॅडम." मी वाद घालत नाही. त्याचं खरं आहे.

दोन्ही इंजिनं उत्तमच होती. यातलं कोणतं चांगलं, असं कोणी विचारलं की हल्ली मी उत्तर देत नाही. बसवायचं कुठे, तेवढं विचारते. निम्म्या लोकांनी ते मोजलेलंच नसतं.