पहाटे चढणारी शिट्टी

दसऱ्यानंतरचा रविवार: आमच्या हौशी रेडिओ मंडळाच्या सचिवांनी पहाटेच्या बैठकीत, रेडिओवरूनच, फर्मान काढले की सर्वांनी वारंवारता मोजणारे आपले सॉफ्टवेअर, अचूक वारंवारतेची शिट्टी सोडणाऱ्या दूरच्या प्रमाण-केंद्राशी आत्ताच जुळवून घ्यावे. जबाबदार: सचिव.

त्यापुढचा रविवार: वारंवारता मोजण्याच्या स्पर्धेत सचिवांनी शिट्टी सोडली, आम्ही ती मोजली आणि त्यांच्या आकड्याशी न जुळणारे माझे एकट्याचे माप रद्द झाले. जबाबदार: सचिव, आणि गप्प बसलेले दोन्ही परीक्षक.

सचिव मला म्हणाले, "अण्णा, कॉम्प्युटरचं साऊंड कार्ड बदला आता. लई म्हातारं झालंय."

"मालकावर गेलंय!" कोणीतरी पुस्ती जोडली. सारे मंडळ हसले.

कोर्टात कारकुनी केलेला मी. पुरावा गोळा करायचे ठरवले. उपग्रहाच्या घड्याळावर चालणारी, तसूभर न ढळणारा सूर देणारी एक डबी निपाणीच्या मित्राकडून आणली. माझ्या कंग्राळीच्या घरात पहाटे डबीचा सूर आणि प्रमाण-केंद्राची शिट्टी संगणकाच्या एकाच पडद्यावर लावली. डबीची रेघ सरळ राहिली. केंद्राची मात्र उजाडू लागले तशी हळूहळू वर चढू लागली.

चहा घेऊन आलेल्या सौभाग्यवतींनी विचारले, "आता कुणाला नोटीस?"

"कुणालाच नाही. आभाळ खाली येतंय."

त्यांनी रेघ निरखली. "व्हय की! मग आभाळालाबी धाडा एक."

मला हसू आले नाही. रेडिओलहरी उंचावरच्या ज्या थरावर आपटून परततात, तो थर उगवतीच्या उन्हाने दाट होतो, जणू खाली सरकतो. लहरींची वाट आखडते आणि जवळ येणाऱ्या आगगाडीसारखी शिट्टी चढते. हे वाचले होते. पण बाहेर उसावर ऊन पडत असताना माझ्या पत्र्याच्या खोलीत आभाळाची हालचाल हर्ट्झच्या अंशांत उमटत होती. चहा निवला. ऊन वर आले तशी रेघ परतली आणि डबीच्या रेघेशेजारी स्थिरावली. तोवर मी श्वाससुद्धा जपून घेत होतो.

अर्थात पहाटे जुळवलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये, सचिवांच्याही, ही हालचाल चूक होऊन शिरली. चूक सारखीच, म्हणून ते सारे एकमेकांशी जुळले. तोंडी सूचना मी पाळत नाही, म्हणून माझे सॉफ्टवेअर भर दुपारी जुळवलेलेच राहिले होते.

सचिवांनी येत्या रविवारी, त्याच बैठकीत, हसलेल्या सर्वांदेखत उत्तर द्यावे: माझे माप चुकले होते, की आभाळ हलत होते?