आत्याने ठेवलेलं आयरिश नाव

मुलीने आयर्लंडहून मला मुलींच्या चोवीस आयरिश नावांची यादी पाठवली, तेव्हा तिची मुलगी नऊ दिवसांची होती. प्रत्येक नावापुढे अर्थ दिलेला होता. मी मोजणी खात्यात सव्वीस वर्षं नोकरी करतो आहे. यादी दिसली की तिचा तक्ता केल्याशिवाय मला चैन पडत नाही. अमरावतीच्या घरी वही उघडली आणि रकाने आखले: नाव, उच्चार, अर्थ, शेरा. उच्चार मुलीला विचारून भरावे लागले, कारण तिथे लिहितात एक आणि म्हणतात दुसरंच.

बेरीज अशी आली. फुलांची चार, झाडांची पाच, पाण्याची आणि समुद्राची सहा, जनावरं-पाखरांची पाच, उजेडाची आणि ताऱ्यांची चार. रोशीन म्हणजे लहानसा गुलाब. ब्लॉनिड म्हणजे छोटं फूल. डारा म्हणजे ओकचं झाड. मुरिन समुद्राची. ऑला म्हणजे हंस. ग्रॉनिया म्हणजे काहींच्या मते धान्य. फिया म्हणजे हरीण, किंवा रानातलं, मोकळं असं काहीही. शेरे मी प्रामाणिकपणे लिहिले. ओकपुढे 'फक्त चित्रात पाहिले', धान्यापुढे 'बाजार समिती आठवते', हरणापुढे 'दोन अक्षरे, सुटसुटीत'. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला मजा आली. परदेशी नावांमागेसुद्धा शेत, पाणी आणि जनावरंच आहेत, हे पाहून थोडं आपलंही वाटलं.

यादीखाली मुलीने लिहिलं होतं, 'बाबा, तुमी पाहून सांगा.'

इथे माझी चूक झाली. आमच्याकडे नातवंडाच्या नावात आईच्या माहेराने पुढे पुढे करायचं नसतं. मुलीच्या सासरी, अकोल्याला कळवण्याआधी मत देणं मला आगाऊपणाचं वाटलं. म्हणून मी तो तक्ता शेऱ्यांसकट दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली 'आपल्या मार्गदर्शनासाठी सादर' असंही लिहिलं.

पहिला आवाज व्याह्यांचा आला. "पाव्हणे, हरीन? अहो, शेजाऱ्याची अर्धी तूर हरनाईनं खाल्ली यंदा! नातीले हरीन म्हनू का आता? रानडुक्कर नाही का तुमच्या यादीत?" त्याखाली हसण्याची सात-आठ चिन्हं उमटली. मीही एक टाकलं.

व्याह्यांची फुलांची शेती आहे. मुलीचं नाव आत्याने ठेवायचं, ही रीत सगळीकडेच आहे. त्यांच्या घरात तिला एक जोड आहे. मुलगी जन्मली त्या आठवड्यात शेतातून जे फूल बाजाराला जात असेल, त्याचंच नाव तिला मिळतं. जावयाची मोठी बहीण सख्ख्या-चुलत भावांच्या पाच मुलींची आत्या. एक शेवंतीच्या हंगामातली, एक मोगऱ्याच्या, एक जाईच्या. झेंडूच्या दिवसांत जन्मलेल्या मुलीच्या वेळी मात्र घरात बरीच भांडणं झाली म्हणतात. यंदा शेतात निशिगंध होता.

दोन तासांनी त्या आत्याचा निरोप ग्रुपवर आला. 'काकाजी, नाव ठेवनं माहं काम हाय. निशिगंधा ठरलं. यादीची गरज नाही.'

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे तिकडच्या दुपारी एकला, मुलीचा फोन आला.

"बाबा, तुमी ते ग्रुपवर काहून टाकलं?"

"रीत असते बेटा. आधी त्यांना विचारावं लागते."

"रीत!" ती म्हणाली. मागे बाळ कुरकुरत होतं. मग ती एका दमात बोलली. चार महिन्यांपासून ते भाड्याने मोठं घर शोधत होते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं. "अकरा ठिकाणी माझ्या नावानं निरोप पाठवला. दोघांनी उत्तर दिलं, तेही घर गेलं म्हणून. मग तोच निरोप दोन दिवसांनी इथल्या आयरिश मैत्रिणीच्या नावानं पाठवला. त्याच अकरा ठिकाणी. आठ जणांनी पाहायला बोलावलं. घर गेलं म्हणणारे दोघंही त्यात होते."

मी त्यात खोट शोधली. मजकूर तोच, घरं तीच, फरक फक्त नावाचा. माझ्याच मुलीने केलेली मोजणी होती, खोट सापडेना.

"आणि सातव्या महिन्यात बसथांब्यावर पोरांनी अंडी मारली. पोटावर."

"तू सांगितलं नाही."

"सांगून काय केलं असतं तुमी? तक्ता?"

तिचाच आवाज मग खाली आला. "इथं प्रत्येक वर्गात दोन-तीन फिया असतात, बाबा. हिचं नाव पुकारलं तर कोणी मान वळवून पाहू नये, मले एवढंच पाहिजे. पण ताईला दुखवून हे कागदावर सही करणार नाहीत. यांना ताईनंच वाढवलं आहे. तुमी बिघडवलं, आता तुमीच ताईला मनवा. आणि हे घराचं, अंड्यांचं अकोल्यात बोलू नका. सासूबाई दुसऱ्याच दिवशी परत या म्हणतील."

तिकडे जन्माची नोंद तीन महिन्यांच्या आत करायची होती. अकोल्याचं बारसं मात्र येत्या रविवारी होतं, आणि एकदा आत्याने चारचौघांत निशिगंधा म्हटलं असतं, तर जावई दुसरं नाव लिहायला तयार झाला नसता. माझ्याजवळ चार दिवस होते, आणि खरं कारण सोडून कोणतंही कारण मी देऊ शकत होतो.

बायकोला मी यातलं काही सांगितलं नाही. रविवारी सकाळच्या बसने दोघं निघालो. मूर्तिजापूरपर्यंत मी मनात मुद्दे लावत होतो. नाव सोपं आहे. अर्थ रानातला आहे. तिथल्या शिक्षकांना म्हणता येईल. बोरगाव मंजू आलं तोवर मलाच ते मुद्दे पटेनासे झाले होते.

बायको घरात विहीणबाईंकडे गेली. आत्या मागच्या शेडमध्ये निशिगंधाच्या दांड्या ओल्या गोणपाटात बांधत बसली होती. मला पाहून हात न थांबवता म्हणाली, "या काकाजी. यादी आनली का?"

"ताई, माझं चुकलं. मी तुम्हाला आधी फोन करायला पाहिजे होता."

"करायले पाहिजे होता," ती म्हणाली. "मंग? आता कोनतं झाड आनलं?"

मी घाबरून मध्यम मार्ग काढला, जो मुलीने सांगितलाही नव्हता. "त्यात एक फुलाचंही नाव आहे. ब्लॉनिड. छोटं फूल."

"थे नाव हाय का खोकल्याचं औषध?"

मला हसू आलं, तीही हसली. मग तिने दांड्यांची जुडी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"काकाजी, माह्या भावानं आजपर्यंत माहा शब्द खाली पाडला नाही. पंधरा दिवस झाले, थो फोनवर धड बोलत नाही. पोरगी झाली अन् आवाजात आनंद नाही. मले वाटलं, नावावरून रागावला. पन तसं नाही दिसत. खरं सांगा. तिथं काई तरास हाय का त्याईले?"

मुलीने बोलू नका म्हणून बजावलं होतं. पण समोरची बाई सरळ विचारत होती, आणि सरळ विचारल्यावर खोटं बोलायची मला सवय नाही. याचं मी कौतुक करून घेत नाही. त्या दिवशी ती सवय चांगली होती की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी सगळं सांगितलं. अकरा घरं, आठ घरं, बसथांबा.

"पोटावर?" तिने विचारलं.

"हो."

तिने गोणपाटाची कड दुमडली. "हे हरनाचं नाव ठेवलं त मंग कोनी मारनार नाही?"

"मला माहीत नाही."

"तुमी त मोजनारे मानूस."

"याचं माप माझ्याजवळ नाही, ताई."

"मायले सांगू नका," एवढं बोलून ती उठली. नावाबद्दल काहीच म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

बारसं चारला सुरू झालं. बाळ हजारो कोस दूर. पाळण्यात बाळाआधी वरवंटा घालायची रीत असतेच. इथे नंतरही तोच राहणार होता. विहीणबाईंनी त्याला कुंची घातली होती, गळ्यात काळा दोरा. बायकांनी तो पाळण्याच्या खालून-वरून फिरवला. समोर स्टँडला लावलेल्या फोनवर मुलगी, जावई आणि झोपलेलं बाळ दिसत होतं. जावई मान खाली घालून बसला होता.

आत्या वाकली. वरवंट्याकडे न जाता ती फोनपाशी आली, तोंडाला हात लावून स्क्रीनच्या अगदी जवळ गेली आणि म्हणाली, "फिया."

"काय म्हनलं? काय म्हनलं?" बायका विचारू लागल्या.

"फिया," ती मोठ्याने म्हणाली. "हरीन."

"हरीनच ठेवलं शेवटी!" व्याही ओरडले. "आता तुरीले कुंपन घालतो मी!" सगळे हसले. रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्के घातले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "हळू मारा वो," कुणीतरी म्हणालं, "रडवलं की बाईले."

जावयाने मान वर केली होती आणि तो बहिणीकडे पाहत होता. मुलगी मात्र हसत नव्हती. तिने आधी आत्याचा चेहरा पाहिला, मग फोनच्या चौकटीत मला शोधलं. मी तिच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. घुगऱ्या वाटणं सुरू असताना तिचा निरोप आला. 'तुमी सांगितलं.' मी लिहिलं, 'हो.'

त्यानंतर तीन आठवडे ती आईच्याच फोनवर बोलली. मला काय झालं ते बायकोने विचारलं. शेवटी मी तिलाही सांगितलं, आणि तिची झोप उडाली. म्हणजे आता जाणणारी माणसं दोनाने वाढली होती, आणि मुलीच्या दृष्टीने दोन्ही माझ्याच खात्यावर. आत्याने घरात कुणाला कळू दिलं नाही. पण दर रविवारी ती मला फोन करते. "काकाजी, काई कमी-जास्त?" एवढंच विचारते. मला जे कळतं ते मी सांगतो. आता मला फारसं काही कळत नाही.

मागच्या महिन्यात मुलीने नोंदणीच्या अर्जाचा फोटो पाठवला. कोणताही कागद देण्याआधी मला दाखवायची तिची शाळेपासूनची सवय आहे. ती तिने रागातही मोडली नाही. मी जन्मतारीख पाहिली, वेळ पाहिली, आई-वडिलांची नावं पाहिली. पहिल्या नावाच्या रकान्यात फिया होतं. त्याच्या खालच्या रकान्यात आडनाव होतं, आमच्या व्याह्यांचं, दोन पिढ्यांपासून अकोल्याच्या फूलबाजारात चालत आलेलं. घरासाठी निरोप पाठवताना पूर्ण नाव लिहावं लागतं, हे तिनेच मला सांगितलं होतं.

मी 'सर्व बरोबर आहे' असं लिहिलं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, 'आडनाव पाहिलं ना?'

'पाहिलं.'

'ते नाही बदलत आमी.'

'बदलू नका,' मी लिहिलं. मग आणखी काही लिहावं म्हणून अंगठा फोनवर धरून बसलो. तिने तिकडून लिहिलं, 'ठीक आहे बाबा, देते मग,' आणि अर्ज देऊन आली.