नाव घेऊन केलेली प्रार्थना

डोमितिला तोंडाची फाटकी, पण तिच्या पोटात गेलेली गोष्ट कधी बाहेर येत नाही. कोंबड्यांच्या कारखान्यात आम्ही शेजारीशेजारी उभ्या राहून पंख कापतो आणि तिच्या शिव्या ऐकत माझा दिवस सरतो. अमेरिकेत, आर्कान्सातल्या आमच्या वस्तीत नवऱ्याच्या माराला कंटाळून एखादी घराबाहेर पडली, की तिला थारा डोमितिलाच्या ट्रेलरच्या घरात, मागच्या खोलीत; हे आम्हा चारदोघींनाच ठाऊक. पोलिसांकडे जायचं तर या देशात राहायचे कागद हवेत. ते डोमितिलाकडेसुद्धा नाहीत.

येसेन्या आली तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी होती. तिचा नवरा विल्मर कारखान्यात येऊन बायको कुठंय म्हणून एकेकीला विचारू लागला, डोमितिलालाही.

"बायको तुझी आणि हिशोब मला मागतोस, मुडद्या?" असं म्हणून तिने त्याला हाकलून लावलं.

पण शनिवारी येसेन्याला अंगावरून जायला लागलं. धर्मादाय दवाखान्यातली नर्स म्हणाली, पडून राहा, बाकी देवाच्या हातात. आता देवाच्या हातात म्हटल्यावर डोमितिला घरी कशी बसेल? रविवारी ती चर्चमध्ये प्रार्थनेला आली. आमच्याकडे ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव उभं राहून मोठ्याने घ्यावं लागतं. बिननावाचं मागणं वर पोचत नाही, हे आम्ही एल साल्वादोरहून येतानाच बरोबर आणलंय.

"येसेन्यासाठी, आणि तिच्या पोटातल्या जिवासाठी," एवढंच ती रडत म्हणाली. सगळी सभा हात वर करून तिच्याबरोबर रडली. विल्मरची आत्याही रडली.

दुपारी विल्मर फुलं घेऊन डोमितिलाच्या दारात. सोबत पास्टर.

"बहिणी, नवराबायकोच्या मध्ये आपण येऊ नये," पास्टर म्हणाले. यांच्या पाठीवर कधी पट्टा बसला नाही, यांचं काय जातंय सांगायला!

डोमितिला दार अडवून उभी राहिली. "माझ्या मढ्यावरून आत जा."

विल्मर हळूच म्हणाला, "मावशी, माझा एक फोन पुरे. इमिग्रेशनवाले तुम्हालाही नेतील आणि तुमच्या पोरांनाही."

मागून येसेन्या आली. पायात चपला घातलेल्या होत्या.

"नको जाऊस, पोरी. तुला मारून टाकेल तो."

"तुमची पोरं लहान आहेत, मावशी," असं म्हणत ती डोमितिलाच्या हाताखालून वाकून बाहेर पडली आणि त्याच्या ट्रकमध्ये जाऊन बसली.

पुढच्या रविवारी विल्मर सभेत देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांत पाणी.

"देवाने माझी बायको मला परत दिली! आणि डोमितिला मावशी, तुमचे उपकार. तुम्ही इथं नाव घेतलं नसतं, तर ती मला सापडलीच नसती."

सगळ्यांनी डोमितिलाकडे वळून टाळ्या वाजवल्या. येसेन्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं.