एर्मिंदाबाईंच्या सायकलचा चिमटा

एर्मिंदा तिबादुइसा यांना मी ओळखत होतो असे म्हणणे धाडसाचे होईल. त्यांच्या पायांची लांबी, हातांची लांबी, खांद्यांची रुंदी आणि बुटाचा नंबर मला पाठ होता. सायकलची फ्रेम बांधणाऱ्याला एवढे पुरते. त्या एकट्या का राहिल्या, दर रविवारी प्रार्थनेला न जाता घाट का चढत, हे मी कधी विचारले नाही. त्यांच्या भाचीने चार ओळी लिहून द्या म्हटले तेव्हा मी आधी नकार दिला. मला लिहिण्याची सवय नाही. शिवाय बाईंबद्दल मला आठवतो तो बहुतेक वैतागच, आणि गेलेल्या माणसाबद्दल असे लिहावे का, तेही कळेना. भाची म्हणाली, वैतागच लिहा, म्हणजे मावशी ओळखू तरी येईल.

बाई आकितानियाला, तळ्याकाठी, पातीच्या कांद्याच्या अड्ड्यावर माल तोलायच्या काट्यावर बसत. तीस वर्षे बसल्या. त्यांच्यावर शेतकरीही चिडत आणि व्यापारीही.

माझ्या सोगामोसोच्या दुकानात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा हात गळ्यात होता. गळ्याजवळचे हाड दुसऱ्यांदा मोडले होते. दोन्ही वेळा एकाच तऱ्हेने पडल्या होत्या, घाटातल्या अरुंद वळणावर, अगदी हळू जाताना. डॉक्टरांनी सांगितले होते की तिसऱ्यांदा मोडले तर सायकल विसरायची. मी त्यांना त्यांच्या जुन्या सायकलवर बसवले, हँडल वळवायला सांगितले आणि कारण दिसले. बाई उंचीला दीड मीटरपेक्षाही कमी. लहान मापाची सायकल करताना कारखानेवाले सगळे आखूड करतात, चाक मात्र तेवढेच ठेवतात. मग वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकावर आपटते. वेगात असताना हँडल एवढे वळवावे लागत नाही, म्हणून काही होत नाही. चढावर हळू वळताना माणूस आडवा होतो.

छोट्या चाकांची सायकल बांधतो म्हटले, तर म्हणाल्या, ती पोरांची. मग एकच उपाय उरला. पुढचे चाक धरणारा चिमटा, म्हणजे फोर्क, जरा जास्त पुढे झुकलेला घ्यायचा. रस्ता खराब आणि खांदा दुखरा, म्हणून तो धक्के शोषणारा, कार्बनचा हवा, हे दोघांनाही पटले. चिमटा हातात आल्याशिवाय मी फ्रेमची एकही नळी कापत नाही, कारण सगळे कोन त्याच्यावर ठरतात. तेव्हा आधी चिमटा निवडू, मग महिन्याभरात सायकल, असे मी सांगितले. हे मी फेब्रुवारीत सांगितले होते.

बोगोताच्या दुकानदाराने पहिला पाठवला तो नेहमीचा, शर्यतवाल्यांचा. मी तो नुसता दाखवायला काढला, की बघा, असा नको. बाईंनी तो उचलला आणि शेजारच्या बेकरीत गेल्या. तिथे यीस्ट तोलायचा बारीक काटा होता. अंगावरच्या रुआनाच्या, म्हणजे लोकरी घोंगडीच्या, आतून त्यांनी पितळी वजनांची पिशवी काढली, आधी बेकरीवाल्याचा काटा तपासला, मग चिमटा तोलला. चिमट्यावरच्या कंपनीच्या पट्टीवर वजन छापले होते तेवढेच भरले, ग्रॅमाचाही फरक नाही.

"हाच," बाई म्हणाल्या.

मी सांगितले की हा फार सरळ आहे, पाय पुन्हा चाकात येणार.

"पण हा खरं बोलतो, मास्तर."

"चिमट्यानं बोलायचं नसतं, बाई. चाक धरायचं असतं."

"तुमच्याकडे चालत असेल. मी काट्यावर बसते."

दुसरा आला तो मला हवा तसा होता. पहिल्यापेक्षा सात मिलिमीटर पुढे झुकलेला. फ्रेमची हँडलखालची नळी थोडी तिरकी लावली की बाईंचा अंगठा चाकापासून बोटभर लांब राहणार होता. पट्टीवर तीनशे सत्तर ग्रॅम छापलेले. बेकरीत भरले चारशे नऊ. बाईंनी तो माझ्यासमोर ठेवला आणि परत पाठवायला सांगितले.

मी समजावले. एकोणचाळीस ग्रॅम म्हणजे पाण्याचा एक मोठा घोट. घाटाआधी एक घोट कमी प्या.

"पाणी मी माझ्या मर्जीनं पिते," त्या म्हणाल्या. "हे यांनी मला न सांगता पाजलं."

परत पाठवला. त्याच जातीचा दुसरा आला, तो चारशे चौदा. तोही परत. बोगोताचा दुकानदार मला फोनवर म्हणाला, तुमची ती बाई सरकारी खात्यातली आहे का. पुढे तो माझा फोनच घेईना. फ्रेमच्या नळ्या टेबलावर तशाच पडून होत्या, मी त्यांच्यावरची धूळ पुसत होतो. बाई रोज जुन्याच सायकलने कामाला जात होत्या, आणि पावसाळ्यात अड्ड्याच्या फाटकात वळताना तीसेक हमालांसमोर पडल्या. कोपर सोलवटले, हाड वाचले. मी ऐकले तेव्हा मला त्यांची दया यायला हवी होती. मला संताप आला. पाडणारा चिमटा यांना खरा वाटतो आणि वाचवणारा खोटा.

जुलैत त्याच जातीचा तिसरा आला. बाई कांद्याचा वास घेऊनच आत शिरल्या, तो उचलून बेकरीत गेल्या आणि परत आल्या.

"चारशे बारा."

मला चारचौघांत आवाज चढवता येत नाही, एकट्यातही येत नाही. नखाने कंपनीची पट्टी खरवडून काढली, पांढरा रंग घेतला, बारीक ब्रशने चिमट्याच्या आतल्या बाजूला ४१२ असे लिहिले आणि त्यांच्यापुढे धरले.

"घ्या. बोलला खरं."

बाईंनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिले.

"खाली सही?"

"कोणाची?"

"ज्यानं आकडा लिहिला त्याची. सहीशिवाय आकडा आमच्याकडे चालत नाही."

चाळीस वर्षांत मी तीनशेवर फ्रेमी बांधल्या. एकीवरही माझे नाव नाही. कुणी विचारले तर म्हणायचो, कशाला, चालली म्हणजे झाले. त्या दिवशी नावाची दोन अक्षरे घातली.

"आता बांधा," बाई म्हणाल्या. "जड आहे याचं मला काही नव्हतं."

पाच महिने त्यांनी हे सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते. मी पाच महिने पाण्याचे घोट मोजत बसलो होतो.

एवढ्यावर संपले असे वाटले होते. फ्रेम झाली, चिमट्याची वरची नळी मापाने कापली. बाई कापलेला तुकडा आणि चिमटा घेऊन पुन्हा बेकरीत गेल्या. चिमटा तीनशे बहात्तर, तुकडा चाळीस. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की कंपनीने कापलेल्या नळीचेच वजन छापले असणार. मी तसे म्हणालो.

"मग तसं लिहायला काय झालं होतं त्यांना?" बाई म्हणाल्या, आणि जुना आकडा पुसून मला दोन ओळी लिहायला लावल्या, न कापता इतके, कापून इतके. पुन्हा सही.

आमची गल्ली दोन हातगाड्या जेमतेम जातील एवढी. तिथे बाईंनी सायकल चालवून पाहिली, चालत्या माणसाच्या वेगाने, एकदा डावीकडे वळून, एकदा उजवीकडे. मी वाकून फक्त त्यांचा बूट पाहत होतो. तो चाकाला लागला नाही. त्यांनी आणखी चार वळणे घेतली, मुद्दाम जास्त हळू. नाही लागला. उतरून म्हणाल्या, मागच्या चाकात हवा कमी आहे. हवा बरोबर होती. तरी मी भरली.

सात वर्षे त्यांनी ती चालवली. त्यांना चढताना मी एकदाच पाहिले, एल क्रुसेरोच्या घाटाच्या शेवटच्या वळणावर, बसच्या खिडकीतून. बस वळायला थांबली होती आणि बाई बाजूने गोगलगाईसारख्या वळत होत्या, पायांकडे न बघता. मी हात केला. त्यांना दिसला नसावा. हाड पुन्हा मोडले नाही. गेल्या फेब्रुवारीत हृदयाने दगा दिला, घरीच, दुपारच्या जेवणानंतर.

त्याआधी डिसेंबरात त्या दुकानात शेवटच्या आल्या होत्या. मी साखळी पाहिली, झिजली होती. ठेवून जा म्हटले.

"आज नको. घरी कशी जाऊ? गुरुवारी आणते."

"गुरुवारी दुपारी मी नसतो. सकाळी आणा."

"सकाळी काम असतं, मास्तर."

"मग शुक्रवारी."

"बघते," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी पाऊस नसला तर."