वाल्टेरहून आणलेला निळा रंग

चालण्याची हौस असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण चालता चालता दुसऱ्याच्याच घरात शिरून पाणी पिऊन येणारा माणूस उभ्या भिलाईत एकच होता, आणि तो नेमका आमचा शेजारी होता. आमच्या क्वार्टरांची सगळी ओळ त्यांना काका म्हणायची. कारखान्याची धुरांडी तेव्हा अजून वर चढत होती. जहाजानं आलेल्या यंत्रांची लाकडी खोकी फोडणाऱ्या टोळीचे काका मुकादम, आणि मी त्याच यंत्रांच्या स्टोअरमधला कारकून. ड्यूटी सुटली की कारखान्याचे जड बूट दाराशी काढायचे, चपला अडकवायच्या आणि निघायचं. कधी खुर्सीपारपर्यंत, कधी थेट दुर्गच्या बाजारात. सायकल घ्या म्हटलं तर म्हणायचे, "सायकलवर मानूस पुढं पाहाते. मले तं बाजूले पाहा लागते." त्यांच्या चपलांच्या टाचा बाहेरच्या अंगानं अशा काही झिजायच्या की दुर्गचा मोची चपला पाहूनच "काका आले का?" असं विचारायचा. परतताना मात्र हमखास घोटाळा. आमची क्वार्टरं एका साच्यातून काढल्यासारखी, दारं एकजात मातकट. काका बोलण्याच्या नादात कुणाच्याही घरात शिरत, माठातलं पाणी पीत, आणि भिंतीवर भलत्याच देवाची तसबीर दिसली की ओशाळून बाहेर येत. लोक हसत आणि चहा पाजूनच सोडत.

पण याच घोटाळ्यानं त्यांचा संसार मोडायची वेळ आली होती. गोंदियाकडच्या गावाहून काकू पहिल्यांदाच राहायला आल्या, आणि दुसऱ्या दिवशी नळावरून हंडा घेऊन परतल्या त्या सरळ पलीकडच्या सरदारजींच्या क्वार्टरात. चूल पेटवली, भात टाकला, तोवर सरदारजी पाळीवरून येऊन दारात उभे. ते बिचारे स्वतःच्याच घरात हात जोडून माफी मागत राहिले. काकू लाजेनं अर्ध्या झाल्या. संध्याकाळची गाडी पकडून त्या गावी निघून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "आपलं दार आपल्याले वळखू येत नाई, तठी मी नाई नांदत." पुढच्या दोन दिवाळ्या काकांनी मेसमध्ये जेवून काढल्या. हा माणूस एवढा का चालतो, ते मला तेव्हा कळलं. रिकाम्या घरी लवकर जाऊन करणार काय?

अशात बंदरावर उतरणारी खोकी तपासायला आम्हा दोघांना वाल्टेरला धाडलं, आणि जहाजच एक दिवस उशिरा लागणार असल्याचं कळलं. मी लॉजवर झोप काढायच्या बेतात होतो, पण काकांनी पांघरूण ओढलं. "समुद्र पाहाले आलो का खाट पाहाले?" झालं, दिवसभर माझी पायपीट. बंदराकडच्या वस्त्यांतून, कौलारू घरांच्या बोळांतून, सुकत घातलेल्या जाळ्यांवरून उड्या मारत आम्ही हिंडलो. बंदराच्या तोंडाशी टेकड्या आहेत, एकीवर देऊळ, एकीवर दर्गा, एकीवर चर्च. काकांनी तिन्हीकडे पाया पडायला लावलं. तेलुगू त्यांना ओ की ठो येत नव्हतं, पण आपली मराठी मोठ्यानं बोलली की जगात कुणालाही समजते, अशी त्यांची खात्री होती. आणि गंमत म्हणजे बायका खरोखर हसून उत्तरं देत होत्या!

दुपार कलता कलता कोळीवाड्यातल्या वाळूत आलो. नावांची ही रांग लागलेली, सगळ्या एकाच घडणीच्या. एक म्हातारा आपली नाव रंगवत बसला होता. काका त्याच्यासमोर उकिडवे बसले. "काऊन जी, एवढ्या नावा सारख्या, तुमची कोन्ती ते घरच्याईले कसं समजते?" म्हाताऱ्यानं कुंचला खाली ठेवला. नावेच्या ओल्या निळ्या तोंडावर बोट टेकवलं, मग लांबच्या झोपडीकडे दाखवलं. तिथं उंबऱ्यात एक म्हातारी समुद्राकडे तोंड करून बसली होती. काकांनी आधी झोपडीकडे, नंतर नावेकडे पाहिलं. मग म्हणाले, "भाऊ, मले हाच रंग पायजे." परतीच्या वाटेवर, आयुष्यात पहिल्यांदाच, ते आजूबाजूला न पाहता चालले. दोन्ही हातांत दोन डबे होते.

भिलाईत आल्या आल्या दार निळं झालं आणि गावाकडे निरोप गेला. काकू यायला कबूल झाल्या. पण काकांना नाही म्हणणं कधी जमलंच नाही. उरलेला रंग सरदारजींनी मागितला, मग आमच्या घरातून मागणी गेली, मग पुढच्या मद्राशी बाईंची. काकू येण्याच्या दिवशी काका नेमके पहिल्या पाळीत, म्हणून दुर्ग स्टेशनावर मी गेलो, आणि रिक्षा ओळीत शिरताच घोटाळा माझ्या ध्यानात आला. अख्खी ओळ निळी.

काकू उतरल्या. डोईवरचा पदर सावरून, खाली बघत, एकेक दार मागे टाकत चालू लागल्या आणि बरोबर आपल्या दाराशी थांबल्या.

"कसं ओळखलंत, काकू?"

"दाराकडं कोन पाहाते? ह्या त्याईच्या चपला नाईत का? टाचा पाहा ना."

काकू राहिल्या त्या कायमच्या. कितीतरी वर्षांनी काका गेले. दारं केव्हाच पुन्हा मातकट झाली होती. दिवसकार्य आटोपल्यावर मी भेटायला गेलो, तर चपला तशाच उंबऱ्याबाहेर. मला राहवलं नाही. "काकू, या अजून बाहेर कशाला?"

"घर चुकाची आदत हाय त्याईले," काकू म्हणाल्या, आणि पदरानं चपलांवरची धूळ पुसून त्या पुन्हा दाराशी नीट लावून ठेवल्या.