केसपेपरची मागची बाजू

मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या थोरलीने सांगितलं की तिला पुढे आरोग्याचं अर्थशास्त्र शिकायचं आहे. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? मग ती म्हणाली, "आजी, कुठला दवाखाना ठेवायचा आणि कुठला बंद करायचा, हे आता डेटावर ठरतं. भावनांवर नाही." धाकट्याने मागून ओरडून विचारलं, "मग आजारी माणसांना कोण विचारतं?" तुमची दोघांची जुंपली आणि तुमच्या आईने फोन बंद केला. त्या वादात मलाही बोलायचं होतं. थोरलीने कॉलेजचं पहिलं पुस्तक उघडायच्या आत हे तुमच्या हातात पडावं, म्हणून आजच बसले आहे. क्रमाने लिहिते.

मीही अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले, तेही इंग्रजीतून. नोकरी मात्र मिळाली ती विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरच्या एका सरकारी दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीत. माणूस आला की त्याचं नाव, वय, पत्ता एका कागदावर लिहायचा. तो झाला केसपेपर. डॉक्टर त्याच्यावर आजार आणि औषध लिहीत. कागद दवाखान्यातच राहायचा, घरी जायचं ते फक्त नाव आणि नंबर असलेलं छोटं कार्ड. दिवस संपला की एका केसपेपरला एक ओळ, याप्रमाणे मी रजिस्टर भरायची. नंतर कागदांचे महिन्याचे गठ्ठे लाल फडक्यात बांधून माळ्यावर ठेवायचे. मला व्यवस्थितपणाची आवड आहे हे तुम्हाला माहीत आहेच. साहेब तपासणीला आले की माझं रजिस्टर सगळ्यांना दाखवत.

खिडकीत बसून सहाएक महिने झाले असतील. एक बाई तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन आली. मुलाला तपासलं, औषध मिळालं, तरी ती खिडकीपाशीच उभी. चेहरा पांढराफटक पडलेला. मी विचारलं, "तुमचा पेपर काढू का?"

"नको नको ताई," ती घाबरून म्हणाली. "माझं नाव पुकारलं तर बाकावर आमच्या चाळीतल्या दोघी आहेत. आणि कार्ड घरी नेलं की सासू विचारणार, तुला काय झालं? आजारी सून कोणाला पाहिजे?"

मी तिच्या मुलाचा केसपेपर परत घेतला, उलटा केला आणि कोऱ्या मागच्या बाजूवर लिहिलं: "आई. वय बावीस." आणि तिला तोच कागद घेऊन पुन्हा आत पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मागच्या बाजूला लिहायला सुरुवात केली.

नियमात हे बसत नव्हतं. पण बायकांमध्ये बातमी फार लवकर पसरते. महिन्याभरात चाळींमधल्या बौद्ध घरांतल्या बायका येऊ लागल्या, मग आसपासच्या जुन्या गावांमधल्या, ज्यांच्या जमिनींवर आता इमारती उभ्या आहेत त्या घरांतल्या सुनाही. या दुसऱ्या बायकांच्या अंगावर सोनं असायचं आणि पर्समध्ये रिक्षाचे पैसे नसायचे. पोराला सर्दी झाली म्हणून येत आणि खिडकीत हळूच म्हणत, "ताई, मागे." एवढ्या एका शब्दावर मी कागद उलटा करायची. मी निवृत्त झाले तेव्हा ही पद्धत पुढे दवाखान्याच्या सिस्टरने चालू ठेवली. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, गोड बोलणारी, पण हट्टाला पेटली की कोणाचं न ऐकणारी बाई.

हीच सिस्टर दोन वर्षांपूर्वी ठाण्यात बाळकुमला आमच्या घरी आली. लिफ्ट बंद होती, नऊ मजले चढून आली आणि सोफ्यावर बसण्याआधी हातातली फाईल माझ्यापुढे धरली. "मॅडम, तुमचं इंग्रजी चांगलं आहे. यात माझ्याबद्दल काय लिहिलंय ते सांगा. मला नीट कळत नाही, पण काहीतरी वाईट आहे."

आरोग्यसेवा सुधारण्यासाठी सरकारने सल्लागार नेमले होते. त्यातले बहुतेक अर्थशास्त्राचे लोक. त्यांनी त्या भागातले सगळे दवाखाने पाहून अहवाल दिला होता. आमच्या दवाखान्याचं पान मी तिला मराठीत वाचून दाखवलं. प्रौढ स्त्रिया इथे जवळपास येतच नाहीत, म्हणजे त्यांना इथल्या सेवेची गरज नाही. असं असूनही स्त्रियांसाठीच्या गोळ्या मात्र दर महिन्याला संपतात, म्हणजे औषधांची गळती होते. परिसरातली अनेक कुटुंबं सधन आहेत, त्यांची पैसे देण्याची ऐपत आहे. म्हणून बायकांची आठवड्यातून दोनदा होणारी ओपीडी बंद करावी, खिडकीवर फी लावावी, आणि गरीब कुटुंबांना खाजगी हॉस्पिटलचं कार्ड द्यावं. ते कार्ड कुटुंबप्रमुखाच्या नावाने.

"गळती म्हणजे?" सिस्टरने विचारलं.

"म्हणजे कोणीतरी चोरतं."

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "लोहाच्या गोळ्या चोरून मी काय करणार, मॅडम? इमारत बांधणार?"

मी हसले नाही. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचत होते. ओळीमागून ओळ बरोबर निघत होती. हे मला माझ्या प्राध्यापकांनी शिकवलं होतं, मीही परीक्षेत असंच लिहून चांगले गुण मिळवले होते. फुकट दिलं की माणूस उधळतो, असंही त्या अहवालात एका ठिकाणी होतं, भारदस्त इंग्रजी शब्दांत. इतक्या वर्षांत मला एकही बाई भेटली नाही, जी फुकट आहे म्हणून जास्तीची दोन इंजेक्शनं घ्यायला आली. घर हा या लोकांच्या हिशेबात एक माणूस होता, आणि त्या माणसाला एकच खिसा होता. त्या खिशापर्यंत कोणाचा हात पोचतो आणि कोणाचा नाही, हे विचारायची त्यांना गरज वाटली नव्हती.

आणि बायका येत नाहीत हा आकडा? तो माझा होता. मीच वर्षानुवर्षं एका कागदाला एक ओळ भरली होती, आणि माझ्यामागे रजिस्टर तसंच भरलं जात होतं. ओपीडीतल्या बायकासुद्धा पोराच्याच कागदावर जात. मी त्यांना इतक्या नीट लपवलं होतं की आता त्या नव्हत्याच.

"आपण सांगू या," मी म्हटलं.

"सांगितलं तर आपल्यालाच धरतील. नियम मोडला म्हणून."

"तुला चोर म्हणून तर धरतच आहेत. निदान आपण जे केलं त्यासाठी धरू देत. सुरुवात मी केली, नाव माझं सांग."

पुढचे आठ दिवस मी रोज बाळकुमहून विठ्ठलवाडीला गेले. डॉक्टरांची परवानगी घेतली, माळ्यावरून मागच्या तीन वर्षांचे गठ्ठे उतरवले आणि आम्ही दोघी जमिनीवर सतरंजी टाकून एकेक कागद उलटा करत बसलो. सिस्टर उलटायची, मी खुणा करायची. धुळीने शिंका यायच्या. दर दहा कागदांत चार-पाच मागून भरलेले निघत होते. काहींची मागची बाजू संपून कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.

मग दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये त्या अहवालावर नागरिकांची सभा झाली. सल्लागारांकडून एक तरुण मुलगी आली होती, हुशार, बोलायला नम्र. पुढच्या खुर्चीत त्या भागातले एक दादा बसले होते, जुन्या शेतकरी घरातले, आता तीन इमारतींचे मालक. मुलीने पडद्यावर तक्ते दाखवले. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि सांगितलं की तुमचा आकडा चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का आहे हे मला ठाऊक आहे कारण चूक मी केली आहे. पद्धत समजावली. आम्ही मोजलेला आकडा वाचला.

दादा खुर्चीतच वळले. "काय गो बाय, काय पन बोलतंस! आमचे घरानची बाई कवा आली इथं? आमी मोठे हॉस्पिटलान जातो, पयसे मोजून. सरकारी गोल्या आमाला कशाला पायजेत?"

हॉलमध्ये हशा झाला. माझ्या हातातल्या पिशवीत पुरावा म्हणून आणलेले साठ कागद होते. त्यातले दोन दादांच्या घरातले होते. एक काढून नुसता वाचला असता तर वाद तिथेच संपला असता.

"दाखव ना," दादा म्हणाले. "कोन कोन येतं ते वाच."

"नाही वाचणार," मी म्हटलं.

"बगा! हायच काय त्यान?"

मुलगी मधे पडली. "आजी, मी तुमच्या भावना समजू शकते. पण व्हेरिफाय केल्याशिवाय आम्हाला हा आकडा घेता येणार नाही."

"मी भावना सांगितल्याच नाहीत, बाळ. मी आकडा सांगितला. भावना तुमच्या अहवालात आहेत, सिस्टरला चोर म्हटलंय तिथे."

आता हशा माझ्या बाजूने झाला, पण हशाने ओपीडी वाचत नाही. सभा घेणाऱ्या आरोग्य खात्याच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते म्हणाले, "कागद जमा करा, आम्ही ऑफिसात तपासू." ऑफिस म्हणजे सहा टेबलं आणि बारा कान. मी पिशवी छातीशी धरली आणि सांगितलं, कागद या इमारतीबाहेर जाणार नाहीत. ज्यांना तपासायचे त्यांनी आत्ता, खाली इंजेक्शनच्या खोलीत, एकट्याने, नावं झाकून तपासावेत, आणि तपासणारी बाई असावी. हे मान्य नसेल तर माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, पेन्शन थांबवायची तर थांबवा.

साहेब म्हणाले, असं चालत नाही. मी बसले नाही. गुडघे दुखत होते तरी उभीच राहिले. शेवटी ती मुलगीच म्हणाली, "सर, मी बघते. तासभर लागेल."

खाली सिस्टरने प्रत्येक कागदाच्या नावावर जाड पुठ्ठ्याची पट्टी धरली आणि मुलगी वाचू लागली. पुढे: खोकला, तीन दिवस. मागे: अंगावरून चार महिने जात आहे. पुढे: नायटा. मागे: दोन गर्भ पडले, तिसरा इतक्यात नको. पुढे: मुलगी, जंत. मागे: छातीत गाठ, पाठवलं होतं, गेली नाही, पुन्हा आली, पुन्हा पाठवलं.

विसाव्या कागदापर्यंत ती लॅपटॉपवर खुणा करत होती. मग थांबली. "आम्ही फक्त पुढची बाजू स्कॅन केलेली. आमच्या फॉर्मॅटमध्ये मागची बाजूच नव्हती."

"माझ्याही रजिस्टरात नव्हती," मी म्हटलं.

तिने मान वर केली. "आजी, एक विचारू? राग मानू नका. हे आकडे आधीपासून वर पोचले असते तर इथे एवढ्या वर्षांत दुसरी नर्स मिळाली असती. रोजची ओपीडी झाली असती कदाचित. तुम्ही लपवलंत म्हणून नाही झाली."

सिस्टर तिच्यावर भडकणार होती, मी हाताने थांबवलं. मुलीचं म्हणणं खरं होतं. ती गोष्ट मला नंतर कितीतरी दिवस टोचली, आजही टोचते. पण खिडकीसमोर पांढऱ्या चेहऱ्याची बाई उभी असताना मला दुसऱ्या नर्सचा विचार करता आला नसता.

"हो, माझ्यामुळे नाही झाली," मी तिला म्हटलं. "आणि उद्या मला त्या खिडकीत बसवलंत तर मी पुन्हा कागद उलटाच करीन. त्यांना लपायला लागणार नाही अशी सोय तुम्ही आधी करा, मग मी सरळ लिहीन."

तिने नावावरच्या पुठ्ठ्याच्या पट्टीकडे पाहिलं. मग विचारलं, "नावाऐवजी नुसता नंबर दिला तर?"

एवढं साधं आम्हाला कधी सुचलं नव्हतं. थोरले, हे मी तुझ्यासाठी मुद्दाम लिहिते आहे. ते त्या मुलीला सुचलं, तिच्या शास्त्रामुळेच सुचलं, पण कागद उलटल्यानंतर सुचलं. तू तुझं शास्त्र जरूर शीक. आणि कोणी तुला तक्ता दाखवून म्हणालं की अमुक लोकांना गरजच नाही, तर त्याचं नम्रपणे ऐकून घेऊ नकोस. उभी राहा आणि विचार, हे त्या लोकांना कोणी विचारलं, कुठे विचारलं, आणि तेव्हा खोलीत आणखी कोण होतं.

सगळं आम्ही जिंकलो नाही. रक्त-लघवी तपासायची खोली बंद झाली, आता त्यासाठी कल्याणला जावं लागतं. इतर रुग्णांना खिडकीवर फी लागली. सिस्टरला नियम मोडल्याबद्दल ताकीद मिळाली. ती घरी फ्रेम करून लावीन असं ती म्हणाली होती, तिच्या नवऱ्याने लावू दिली नाही. गळतीची ओळ अहवालातून निघाली.

बायकांची ओपीडी मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी दहा ते एक, अजून भरते. तिथे फी नाही. बाईला नंबर मिळतो, नाव कोणी पुकारत नाही, घरी कार्ड जात नाही, आणि तिच्या आजाराचा कागद तिचा स्वतःचा असतो.